श्रीमंत फुटबॉल क्लब आणि फर्लोचे पैसे: पगारपत्रकाच्या बाजूने पाहिलं तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: एप्रिल 2020 मध्ये लिव्हरपूल, टॉटनहॅम वगैरे प्रीमियर लीगच्या क्लबांनी आपल्या कर्मचाऱ्यांचे पगार ब्रिटिश सरकारच्या फर्लो योजनेतून (कोविडमुळे घरी बसवलेल्यांचा बराचसा पगार सरकारने द्यायची योजना) द्यायचं ठरवलं आणि त्यावरून मोठा गहजब झाला. योजना सगळ्यांना खुली होती, कायदा कुणी मोडला नाही, कर तर हे क्लबही भरतात. मग चुकलं काय? आणि हाताशी पैसा असताना त्यांनी हे केलंच का?

मी इंग्लंडमध्ये पेरोलचं काम करतो. माझी गिऱ्हाइकं बहुतेक छोटी: उपाहारगृहं, पाळणाघरं, काही दुकानं, आणि एक हौशी फुटबॉल क्लब, ज्याची खरी कमाई मैदानापेक्षा बारमध्ये होते. त्या एप्रिलमध्ये या सगळ्यांचे फर्लोचे दावे मी भरले आहेत, त्यामुळे योजनेचे नियम अजून तोंडपाठ आहेत. मला विचाराल तर यातला दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा जास्त बोलका आहे. पण आधी पहिला.

कायद्याच्या बाजूने काहीच चुकलं नव्हतं. तेव्हाचे अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी 20 मार्च 2020 ला योजना जाहीर केली तेव्हा तिचं मुख्य वैशिष्ट्यच हे होतं की मालक गरीब आहे की श्रीमंत हे कुणी विचारणार नव्हतं. कर्मचाऱ्याला घरी बसवा, त्याला कामावरून काढू नका, पगाराचे 80 टक्के आम्ही देतो, महिन्याला जास्तीत जास्त 2,500 पौंड. शिवाय सुरुवातीच्या महिन्यांत मालकाच्या वाट्याचा राष्ट्रीय विमा (पगारावर भरायची सक्तीची रक्कम) आणि पेन्शनचा किमान हिस्साही सरकारकडून. अटी दोन-तीनच, पण कडक. फर्लोवर असलेल्या माणसाने मालकासाठी कोणतंही काम करायचं नाही, साधा ईमेलसुद्धा पाठवायचा नाही. एकदा बसवलं की निदान तीन आठवडे. आणि तसं त्याला लेखी कळवून तो कागद पाच वर्षं जपून ठेवायचा.

मालमत्तेची चौकशी का नव्हती? कारण वेळच नव्हता. मार्चच्या त्या आठवड्यांत माझ्या गिऱ्हाइकांपैकी दोघे-तिघे नोटिसा टाइप करून बसले होते. प्रत्येक कंपनीचा ताळेबंद तपासून, तुमच्या मालकाकडे आलिशान नौका आहे का असं विचारत बसलं असतं तर मे उजाडला असता आणि लाखो लोक बेकार झाले असते. योजना 30 सप्टेंबर 2021 पर्यंत चालली. 1 कोटी 17 लाख नोकऱ्यांना तिचा आधार मिळाला आणि खर्च झाला 7,000 कोटी पौंड. एवढं मोठं काम इतक्या घाईत करायचं तर चाळणी मोठ्या भोकांचीच असणार. सुनक यांनी जाणूनबुजून तशी ठेवली आणि माझ्या मते बरोबर केलं.

म्हणजे सरकारने विवेकाचं काम मालकांवर सोडलं होतं. 'मला मिळू शकतं' आणि 'मला लागतं' यांतला फरक ज्याने त्याने करायचा होता. बहुतेकांनी केला. या क्लबांनी केला नाही, आणि ते सगळ्यांना दिसेल अशा जागी उभे होते.

आता घटनाक्रम, कारण तो लोकांच्या डोक्यात गोळा झालेला असतो. प्रीमियर लीग 13 मार्चला थांबली. मार्च संपता संपता न्यूकॅसलने खेळाडू सोडून बाकीच्यांना फर्लोवर टाकलं. मालक तेव्हा माइक अ‍ॅश्ली होते. 31 मार्चला टॉटनहॅमचे अध्यक्ष डॅनियल लेव्ही यांनी जाहीर केलं की खेळाडू वगळता 550 जणांचे पगार 20 टक्क्यांनी कापले जातील आणि जिथे जमेल तिथे फर्लो वापरला जाईल. बोर्नमथ आणि नॉर्विचही त्याच वाटेने गेले. 4 एप्रिलला लिव्हरपूलने सुमारे 200 कर्मचाऱ्यांना फर्लोवर टाकत असल्याचं सांगितलं, वरचे 20 टक्के क्लब घालेल या आश्वासनासह. तेव्हा लिव्हरपूल लीगमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं, दुसऱ्या क्रमांकाच्या मँचेस्टर सिटीपेक्षा 25 गुणांनी पुढे.

त्या दिवसापर्यंत लोक कुरकुरत होते, लिव्हरपूलनंतर भडका उडाला. क्लबचाच माजी खेळाडू जेमी कॅराघर जाहीरपणे बोलला की कमावलेली सगळी सदिच्छा घालवलीत. 'स्पिरिट ऑफ शँकली' या चाहत्यांच्या संघटनेने क्लबला जाब विचारला. 6 एप्रिलला मुख्य कार्यकारी अधिकारी पीटर मूर यांनी पत्र लिहून निर्णय चुकल्याचं मान्य केलं, माफी मागितली आणि अर्ज करणार नसल्याचं सांगितलं. टॉटनहॅमने 13 एप्रिलला माघार घेतली, बोर्नमथने दुसऱ्या दिवशी. नॉर्विच आणि न्यूकॅसल आपल्या निर्णयावर राहिले. मँचेस्टरच्या दोन्ही क्लबांनी आपण या वाटेला जाणारच नाही असं सांगून टाकलं होतं.

एक गोष्ट बातम्यांत जवळपास कुणी लिहिली नाही. दावे भरायचं सरकारी पोर्टल उघडलं 20 एप्रिलला. मला ती तारीख विसरणं शक्य नाही. सकाळी सगळ्या देशाचे पेरोलवाले एकाच पानावर तुटून पडले होते. म्हणजे तिन्ही क्लबांनी माघार घेतली तेव्हा सरकारच्या तिजोरीतून एक पेनीही निघालेली नव्हती, कुणाच्याच नावाने. जे गेलं ते सगळं नावाचं गेलं.

आता हिशोब. लिव्हरपूलच्या तिकीट विभागातला एक कर्मचारी घेऊ. पगार महिन्याला 2,000 पौंड धरू; आकडा माझा, उदाहरणापुरता. 80 टक्के म्हणजे 1,600 सरकारचे. उरलेले 400 क्लब घालणार. मालकाच्या वाट्याचा राष्ट्रीय विमा त्या वर्षी महिना 732 पौंडांच्या वरच्या रकमेवर 13.8 टक्के होता; पूर्ण पगारावर तो होतो सुमारे 175, त्यातले चार-पंचमांश म्हणजे 140 पौंड सरकारकडून परत. पेन्शनचा किमान हिस्सा 520 पौंडांच्या वरच्या रकमेवर 3 टक्के, 1,600 वर काढला तर 32. एकूण 1,772 पौंड. असे 200 कर्मचारी धरले तर महिन्याला साडेतीन लाख पौंड. सगळेच्या सगळे कमाल मर्यादेला टेकले असं मानलं तरी विमा-पेन्शन धरून आकडा पावणेसहा लाखांपर्यंतच जातो.

लिव्हरपूलचं 2018-19 चं एकूण वेतन, खेळाडूंसकट, 31 कोटी पौंड होतं. दिवसाला साडेआठ लाख. म्हणजे महिनाभराची जास्तीत जास्त सरकारी मदत क्लबच्या एका दिवसाच्या पगाराइतकीसुद्धा नव्हती. त्याच वर्षीची उलाढाल 53 कोटी 30 लाख, करपूर्व नफा 4 कोटी 20 लाख, आणि हे आकडे क्लबने फेब्रुवारी 2020 मध्ये, म्हणजे फर्लोच्या जेमतेम सव्वा महिना आधी, अभिमानाने जाहीर केले होते. 'धिस मीन्स मोअर' हे घोषवाक्य घेऊन जगभर फिरणाऱ्या क्लबने अर्ध्या दिवसाच्या पगारासाठी एवढा बोभाटा ओढवून घेतला.

म्हणून म्हणतो, दुसरा प्रश्न बोलका आहे. लोभ म्हणावा तर रक्कम लोभ सुटण्याइतकीही नव्हती.

माझा अंदाज असा, आणि मोठ्या कंपन्यांची पगारपत्रकं जवळून पाहिलेला कुणीही तो करेल: निर्णय वित्त विभागात झाला आणि वर कुणी त्याकडे मान वर करून पाहिलं नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक वित्तप्रमुखापुढे रोख रकमेचं एक कोष्टक होतं. उरलेला हंगाम खेळलाच गेला नाही तर लीगच्या क्लबांना मिळून सुमारे 76 कोटी पौंडांचा फटका बसेल असा अंदाज तेव्हा लीगमध्ये फिरत होता. घरच्या सामन्यांची तिकीटविक्री शून्य. अशा वेळी कोष्टकातली प्रत्येक ओळ घेऊन 'इथे काय वाचतं' असं विचारलं जातं. फर्लोची ओळ समोर आली, अट पूर्ण होत होती, खूण झाली. त्या ओळीची किंमत किती आणि तिचा वास किती दूर जाईल, हे विचारायचं काम वित्त विभागाचं नसतं. ते संचालक मंडळाचं, आणि मंडळाने ते केलं नाही. लिव्हरपूलचे मालक फेनवे स्पोर्ट्स ग्रुप बोस्टनमध्ये बसलेले. तिथून पाहताना ब्रिटिश माणसाला आपल्या करांच्या पैशाबद्दल काय वाटतं, हे जरा उशिरा दिसलं असावं.

पण मग कोष्टकातल्या सगळ्यात मोठ्या ओळीला, खेळाडूंच्या पगाराला, कुणी हात का लावला नाही? इथे थोडं हिशेबशास्त्र सांगावं लागेल.

क्लब खेळाडू विकत घेतो तेव्हा ती रक्कम त्या वर्षीचा खर्च म्हणून लिहीत नाही. ती ताळेबंदात अमूर्त मालमत्ता म्हणून बसते आणि कराराच्या वर्षांत थोडी थोडी खर्ची पडते. लिव्हरपूलने जानेवारी 2018 मध्ये व्हर्जिल व्हॅन डाइकला साडेसात कोटी पौंडांना घेतलं, करार साडेपाच वर्षांचा. म्हणजे वर्षाला साधारण 1 कोटी 36 लाख खर्ची, बाकी मालमत्ता. ही मालमत्ता टिकते कशावर? करारावर. आणि करारातला पगार क्लबने एकतर्फी कापला तर करारभंग क्लबचा ठरतो. खेळाडू करार मोडीत निघाला म्हणून फुकटात चालू लागू शकतो. पगारातले काही लाख वाचवायला जाऊन कोट्यवधींची मालमत्ता हातची जाईल, ही भीती खरी होती. म्हणून खेळाडूंशी वाटाघाट करावी लागते, हळू, संघटनेमार्फत, वकिलांसकट.

स्वागतकक्षातली बाई ताळेबंदात नसते. ती फक्त खर्चात असते. तिला एक पत्र पाठवलं की काम झालं.

मला यातली खरी अडचण इथे दिसते. संकट आलं की क्लब जिथे बोट शिरेल तिथे कापतो, आणि बोट शिरतं ते खालच्या पगारांत. सरकारी योजनेने ते बोट शिरणं आणखी सोपं केलं. टॉटनहॅमच्या बाबतीत तर ज्या दिवशी 550 जणांची पगारकपात जाहीर झाली त्याच दिवशी क्लबचे 2018-19 चे हिशेब बाहेर आले आणि त्यात लेव्ही यांचा मेहनताना दिसला: 70 लाख पौंड, त्यातले 30 लाख नवं स्टेडियम पूर्ण झाल्याचा बोनस. स्टेडियम ठरल्या वेळेपेक्षा बरंच उशिरा आणि अंदाजापेक्षा फार महाग झालेलं होतं, ते सोडा. वर्षाचा नफा 6 कोटी 86 लाख. लेव्ही यांनी निवेदनात म्हटलं होतं की आम्ही उत्पन्नात जगातला आठवा क्लब असू, पण ते जुने आकडे या विषाणूपुढे गैरलागू आहेत. रोखीच्या दृष्टीने त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. स्टेडियमचं 63 कोटी 70 लाखांचं कर्ज डोक्यावर, मैफली आणि इतर कार्यक्रम रद्द. पण 550 जणांना सगळ्यांना कमाल 2,500 पौंड मिळाले असते असं धरलं तरी महिन्याला पावणेचौदा लाख होतात. एका माणसाच्या 70 लाखांत पाच महिने निघाले असते. हा भागाकार करायला चाहत्यांना चार्टर्ड अकाउंटंट लागत नव्हता.

मंत्री लोकांनी या गोंधळात भलतीकडेच बोट दाखवलं. 2 एप्रिलला आरोग्यमंत्री मॅट हॅन्कॉक रोजच्या पत्रकार परिषदेत म्हणाले की प्रीमियर लीगच्या खेळाडूंनी पगारकपात घेऊन आपला वाटा उचलावा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं तर खेळाडू काही संन्यासी नव्हेत, पण फर्लोचा निर्णय त्यांचा नव्हता. आणि त्यांचे पगार कापून तिजोरीत काही येणार नव्हतं, उलट जाणार होतं. हे नीट पाहा. 2020 मध्ये वर्षाला दीड लाख पौंडांच्या वर कमावणाऱ्याला वरच्या प्रत्येक 100 पौंडांवर 45 प्राप्तिकर आणि 2 राष्ट्रीय विमा लागायचा. वर क्लब त्याच 100 वर 13 पौंड 80 पेन्स आपला विमा भरायचा. म्हणजे खेळाडूला 100 कमी दिले असते तर सरकारचे जवळपास 61 बुडाले असते आणि क्लबचे 114 वाचले असते. खेळाडूंच्या संघटनेने, पीएफएने, हेच सांगितलं: लीगने मागितलेली 30 टक्के कपात 12 महिन्यांत 50 कोटींची होईल आणि सरकारचा 20 कोटींहून जास्त कर जाईल. लोकांना ते पळवाट वाटलं. आकडा मात्र सावधच होता. माझ्या हिशोबाने बुडणारी रक्कम त्याहून मोठी निघते. क्लबने फर्लोतून घ्यायचं आणि खेळाडूंच्या कपातीतून करही बुडवायचा, म्हणजे तिजोरीला दोन्हीकडून भोक.

खेळाडूंनी शेवटी स्वतःच वाट काढली. 8 एप्रिलला लिव्हरपूलचा तेव्हाचा कर्णधार जॉर्डन हेंडरसन आणि इतर कर्णधारांनी मिळून 'प्लेयर्स टुगेदर' सुरू केलं आणि पैसा थेट सरकारी आरोग्यसेवेच्या धर्मादाय निधीकडे वळवला. क्लबच्या कोष्टकाला त्यातून काही मिळालं नाही, आणि माझ्या मते ते मुद्दाम होतं.

संसदेच्या क्रीडाविषयक समितीचे अध्यक्ष ज्युलियन नाइट यांनी सुनक यांना पत्र लिहून क्लब वठणीवर आले नाहीत तर त्यांच्यावर जादा कर बसवा अशी मागणी केली. तसा कर आला नाही. गरज पडली नाही असं म्हणा किंवा मंत्र्यांच्या मनातच नव्हतं असं म्हणा.

न्यूकॅसल आणि नॉर्विच यांना एका तराजूत मात्र घालू नका. नॉर्विच आदल्याच वर्षी दुसऱ्या विभागातून वर आलेला, लीगच्या तळाशी असलेला क्लब. मालकीण तेव्हा डेलिया स्मिथ, पाकक्रियेच्या पुस्तकांतून नाव कमावलेल्या. तेलाच्या विहिरी किंवा अमेरिकी निधी तेव्हा पाठीशी नव्हता. क्लब स्वतःच्या कमाईवर चालवायचा हे त्यांचं जाहीर धोरण होतं. त्यांनी वरचे 20 टक्के घातले आणि निर्णयावर टिकले. मला त्यात वावगं दिसत नाही. न्यूकॅसलची गोष्ट वेगळी. तिथे मालक अब्जाधीश आणि त्याच सुमाराला सुमारे 30 कोटींना क्लब विकायच्या वाटाघाटीत. त्यांना टीका झोंबलीच नाही, कारण अ‍ॅश्लींबद्दल चाहत्यांच्या मनात घालवण्यासारखी सदिच्छा उरलीच नव्हती. लिव्हरपूल दोन दिवसांत वाकलं, न्यूकॅसल वाकलंच नाही, यात तत्त्वापेक्षा नावाची किंमत काम करत होती.

कुणी म्हणेल, युरोपात सगळ्यांनीच हे केलं. केलं, पण पैसा वेगळ्या खिशातला होता. जर्मनीचं 'कुर्त्सआर्बाइट' आणि स्पेनचं 'एर्ते' हे बेकारी विम्याच्या चौकटीतून येतात. मालक आणि कामगार दोघे वर्षानुवर्षं त्यात वर्गणी भरतात, मग अडचणीत दावा करतात. ब्रिटनचा फर्लो हा सरकारने त्या वर्षी कर्ज काढून वाटलेला पैसा होता, मागे वर्गणी नव्हती. हा फरक माझ्या दृष्टीने मोठा आहे. बार्सिलोनाने 'एर्ते' वापरला तेव्हा तो डेलॉइट या लेखापाल कंपनीच्या यादीत 84 कोटी युरोंच्या उत्पन्नासह जगात पहिला होता, म्हणजे लिव्हरपूलपेक्षाही श्रीमंत. तरी तिथे एवढी ओरड झाली नाही, कारण 30 मार्चला मेस्सीने खेळाडूंतर्फे जाहीर केलं की आम्ही 70 टक्के कपात घेतोच आहोत, वर इतर कर्मचाऱ्यांना पूर्ण पगार मिळावा म्हणून भरही घालतो. क्रम उलटा होता: आधी वरच्यांचं, मग खालच्यांचं.

सरकारने अटी घालायला हव्या होत्या का? चौकशी नको, पण अटी चालल्या असत्या. डेन्मार्कने एप्रिल 2020 मध्येच सांगितलं की करचुकवेगिरीच्या बेटांवर नोंदलेल्या कंपन्यांना मदत नाही आणि मदत घेणाऱ्याने लाभांश वाटायचा नाही. टॉटनहॅमची मालक कंपनी एनिक बहामात नोंदलेली आहे, हे इथे आठवण्यासारखं. आपल्याकडे भारतात त्याच काळात केंद्राने भविष्यनिर्वाह निधीचा मालक आणि कामगार दोघांचा मिळून 24 टक्के हिस्सा भरला, पण 100 पर्यंत कर्मचारी आणि त्यांतले 90 टक्के महिना 15,000 रुपयांच्या खाली अशाच आस्थापनांचा. त्या चाळणीत लिव्हरपूल अडकलं असतं. पण तिच्यात 101 कर्मचाऱ्यांचा बुडता कारखानाही अडकला, आणि त्याला विचाराल तर तो ब्रिटिश योजनाच चांगली म्हणेल. मी असतो तर दोनच अटी घातल्या असत्या: मदत घेतलेल्या वर्षात लाभांश आणि संचालकांचा बोनस बंद, आणि वर्षअखेर नफा निघाला तर घेतलेली रक्कम परत. दोन्ही गोष्टी नंतर हिशेबांतून तपासता येतात, त्यासाठी दावा थांबवावा लागत नाही. ती परतफेड लाजेकाजेने झालीच की काही ठिकाणी. टेस्को या सुपरमार्केटने डिसेंबर 2020 मध्ये मालमत्ता करातली 58 कोटी 50 लाखांची सवलत परत करायचं ठरवलं. कायदा सांगत नव्हता.

फर्लोच्या गदारोळात एक मोठी गोष्ट निसटते. जून 2020 मध्ये टॉटनहॅमने बँक ऑफ इंग्लंडच्या कोविड योजनेतून साडेसतरा कोटी पौंड उचलले, 0.5 टक्के व्याजाने. जानेवारी 2021 मध्ये आर्सेनलने 12 कोटी. फर्लोच्या मानाने हे आकडे कुठल्या कुठे. तरी ओरड कमी झाली, आणि माझ्या मते ते योग्यच होतं. ते कर्ज होतं, फेडायचं होतं, पतमानांकनाची अट होती, आणि घेणाऱ्यांची नावं बँकेने छापली होती. 2021 च्या मध्यापर्यंत 20 कोटींहून जास्त उत्पन्न बुडेल असं टॉटनहॅमचं म्हणणं होतं. अशा वेळी स्वस्त उसनवारी समजण्यासारखी आहे. मला खटकतं ते एवढंच की कर्जाची ही वाट माहीत असलेल्या क्लबने मार्चमध्ये पहिल्यांदा पत्र पाठवलं ते तिकीट विभागाला आणि सफाईवाल्यांना.

आणि आर्सेनल. एप्रिलच्या यादीत त्याचं नाव नव्हतं, उलट खेळाडूंनी साडेबारा टक्के कपात मान्य केल्याचं कौतुक झालं. ऑगस्टमध्ये त्यांनी 55 नोकऱ्या कमी करण्याचा प्रस्ताव मांडला. ऑक्टोबरात थॉमस पार्टे साडेचार कोटींना आला. फर्लो न घेणारा क्लब नैतिक आणि घेणारा अनैतिक, असं सरसकट लिहिणाऱ्यांनी या 55 जणांना विचारावं. योजना होती ती नोकरी टिकवायला. ज्या क्लबने फर्लो घेऊन सगळे कर्मचारी ठेवले तो मला, फर्लो नाकारून नंतर नारळ देणाऱ्यापेक्षा बरा वाटतो. म्हणून लिव्हरपूलवर टीका करताना मी हातचं राखतो: त्यांनी निदान पूर्ण पगाराचं वचन पहिल्या दिवसापासून दिलं होतं.

सामन्याच्या दिवशी काम करणाऱ्यांबद्दल कुणी विचारलं नाही, म्हणून मीच सांगतो. स्टुअर्ड, खाणं विकणारे, फाटकावरचे लोक. यांचे तास ठरलेले नसतात, बरेच जण क्लबचे नोकरही नसतात, एजन्सीचे असतात. फर्लोत अशांचा पगार काढायचा तर मागच्या वर्षीचा तोच महिना किंवा 2019-20 ची महिन्याची सरासरी, यांतला मोठा आकडा घ्यायचा. माझ्या हौशी क्लबच्या बारमध्ये शनिवारी काम करणाऱ्या एका मुलीचा असा दावा मी केला होता. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये घरच्या मैदानावर सामने जास्त झाले होते, म्हणून तो महिना घेतला. त्याचे 80 टक्के निघाले 212 पौंड. तिच्या दृष्टीने त्यात फोनचं बिल आणि महिन्याचं किराणा निघत होतं. मोठ्या क्लबांच्या बातम्यांत 'खेळाडू नसलेले कर्मचारी' असा एकच शब्दप्रयोग यायचा. त्यात तिच्यासारखे किती आणि 2,500 ची मर्यादा ओलांडणारे विपणन व्यवस्थापक किती, हे एकाही क्लबने सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर अर्धी चर्चा वेगळी झाली असती.

तुम्हाला स्वतः पडताळायचं असेल तर ते कठीण नाही. ब्रिटिश कंपन्यांचे हिशेब कंपनीज हाउसच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. क्लबच्या कंपनीचं नाव शोधा, 2020 आणि 2021 ची वार्षिक खाती उतरवा. 'इतर उत्पन्न' किंवा 'सरकारी अनुदान' अशी टीप शोधा, फर्लोचे पैसे घेतले असतील तर ते बहुधा तिथेच दिसतात. मग त्याच खात्यांत संचालकांच्या मेहनतान्याची टीप काढा, सर्वाधिक पगार घेणाऱ्या संचालकाचा आकडा वेगळा द्यावा लागतो, नाव नसलं तरी. आणि कर्मचारी संख्येची टीप: खेळाडू किती, कार्यालयीन किती, आदल्या वर्षी किती होते. या तीन टिपा शेजारी ठेवा. लीगमधले क्लब एकेक करून असे पाहिले तर दोन संध्याकाळी जातात, आणि कुठल्या क्लबवर किती रागवायचं हे वर्तमानपत्राला विचारावं लागत नाही.